वास आला तर काडी ओढा म्हणे!

समुद्रातल्या तेलाच्या फलाटावर उंच नळीच्या टोकाला भडकलेली ज्वाला, मागे भेसूर संगीत आणि खाली पाच मुद्दे. हा व्हिडिओ सध्या सोलापुरातल्या निम्म्या ग्रुपांवर फिरतोय. मी बघायचो आणि पुसून टाकायचो. पण परवा आत्याचा फोन आला. "अरे, ते शेवटचं खरंय की काय? वास आला की पेटवून द्यायचं?" आत्या जुळे सोलापुरात घरीच कडक भाकरीच्या ऑर्डरी घेते. शेगडीजवळ १९ किलोचा निळा सिलिंडर, शेजारी ज्वारीच्या पिठाचे डबे, आणि हातभर अंतरावर फ्रिज. म्हटलं, आता लिहायलाच हवं.

मुद्दे असे. एक, तेलविहिरीवर जळतो तो आपल्याच सिलिंडरमधला गॅस. दोन, भाव पडू नयेत म्हणून कंपन्या तो मुद्दाम जाळतात, नाहीतर सिलिंडर शंभर रुपयांत मिळाला असता. तीन, जाळण्याऐवजी तसाच हवेत सोडला तर प्रदूषण होणार नाही. चार, या ज्वालांमुळेच आपला उन्हाळा वाढलाय. पाच, तज्ज्ञसुद्धा नको असलेला गॅस पेटवून देतात, म्हणून घरात गॅसचा वास आला तर काडी ओढा, गॅस जळून जाईल आणि स्फोट टळेल.

पाचव्यापासूनच सुरू करतो, कारण तो माणसं मारेल.

फलाटावरच्या त्या नळीखाली काय काय असतं ते व्हिडिओत दिसत नाही. गॅसबरोबर आलेलं द्रव आधी एका टाकीत वेगळं काढतात. आग उलटी नळीत शिरू नये अशी सोय असते. टोकाला एक छोटी ज्योत कायम जळत ठेवलेली असते, आणि ते टोक माणसांपासून दूर, उंच, उघड्या हवेत असतं. म्हणजे तिथे ज्योत आधी असते आणि गॅस मागून येतो, आला की जागीच जळतो, साठत नाही. आत्या रोज शेगडी पेटवते तेव्हा हेच करते, आधी काडी ओढते आणि मग बटण फिरवते. वास येतोय म्हणजे क्रम उलटा झालाय. गॅस आधीच खोलीत पसरलाय आणि आता तुम्ही काडी घेऊन आत शिरताय.

सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असतो. तो वर जात नाही, फरशीवर, ओट्याखाली, मोरीत साचतो. हवेत त्याचं प्रमाण साधारण दोन टक्के झालं की ठिणगी पुरते. दहा बाय दहाच्या स्वयंपाकघरात त्याला सुमारे सव्वा किलो गॅस लागतो, आणि तो खाली साचत असल्यामुळे त्याहून कमीही चालतो. काडीच पाहिजे असं नाही, फ्रिज आपोआप चालू होताना पडणारी ठिणगीसुद्धा बास आहे.

वास आला तर रेग्युलेटर बंद करा. दिव्याच्या, पंख्याच्या बटणाला हात लावू नका, चालू करायला नाही आणि बंद करायलाही नाही. दारं-खिडक्या उघडा, सगळ्यांना बाहेर काढा आणि बाहेर जाऊन १९०६ ला फोन करा. नळी गळते का हे बघायचं तर साबणाचं पाणी लावून बघतात, पेटती काडी फिरवून नाही. ज्या काकांनी हा व्हिडिओ आमच्या ग्रुपवर "अतिशय उपयुक्त" म्हणून टाकला त्यांनी निदान हा मुद्दा तरी कापावा.

बाकीचं भराभर. तेलविहिरीवर जळतो तो मुख्यतः मिथेन. सिलिंडरमध्ये असतात प्रोपेन आणि ब्युटेन. मिथेन कितीही दाबला तरी आपल्या हवामानात द्रव होत नाही, त्याला उणे ८२ अंशांच्या खाली न्यावं लागतं. त्यामुळे आहे तो गॅस लाल सिलिंडरमध्ये भरायचा प्रश्नच येत नाही. हां, तेलाबरोबर येणाऱ्या गॅसमध्ये थोडा प्रोपेन-ब्युटेनही असतो, आणि मुंबई हायच्या, म्हणजे मुंबईजवळच्या समुद्रातल्या तेलक्षेत्राच्या गॅसमधून तो उरणला वेगळा काढतातही. पण आपला सुमारे ६० टक्के एलपीजी आयात होतो आणि भाव सौदीच्या दरावर ठरतो. देशातल्या सगळ्या ज्वाला उद्या विझवल्या तरी शंभर रुपयांचा सिलिंडर येणार नाही.

दुसऱ्या मुद्द्यात एक गोष्ट खरी आहे, मान्य करावीच लागेल. नासाडी प्रचंड आहे. जागतिक बँक दरवर्षी उपग्रहांवरून या ज्वाला मोजते. २०२४ मध्ये जगभर १५१ अब्ज घनमीटर गॅस असा जळला. भारत वर्षभरात वापरतो त्याच्या दुपटीहून जास्त! त्यातला तीन चतुर्थांश रशिया, इराण, इराक, अमेरिका वगैरे नऊच देशांत जळतो, आणि त्या नऊ देशांत भारत नाही. पण यात भाव पाडण्या-चढवण्याचा कट कुठे आहे? तेल वर येताना दाब उतरतो आणि त्यात विरघळलेला गॅस सुटतो. तो वाहिनीने न्या, परत जमिनीत दाबा किंवा तिथेच वीज करा, प्रत्येकाला पैसा लागतो. विहीर आडबाजूला असली की कंपनी हिशोब करते आणि पेटवून मोकळी होते. हा कंजूषपणा आहे, आणि त्याबद्दल त्यांना खुशाल शिव्या घाला. मुंबई हायवर १९७६ साली तेल काढायला सुरुवात झाली तेव्हा आपल्याकडेही बराच गॅस जळायचा. पुढे समुद्राखालून उरणपर्यंत वाहिन्या आल्या, आणि तोच गॅस थळच्या खत कारखान्याला आणि उरणच्या वीज केंद्राला मिळू लागला. करायचं म्हटलं तर होतं.

तिसरा मुद्दा म्हणजे उलटी गंगा. मिथेन न जाळता सोडला तर वीस वर्षांच्या हिशोबात तो कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीपट उष्णता धरतो. सोडण्यापेक्षा जाळलेला बरा, आणि जाळण्यापेक्षा वापरलेला. कंपन्या म्हणतात ९८ टक्के गॅस नीट जळतो, तेही तितकंसं खरं नाही. अमेरिकेत विमानातून मोजलं तर ९१ टक्क्यांच्या आसपास निघाला, २०२२ साली 'सायन्स' या विज्ञानाच्या नियतकालिकात ते छापून आलंय.

राहिला उन्हाळा. मुंबई हायला तेल लागायच्या आधीही सोलापूरचा मे महिना असाच भाजायचा. पठारावरचं, पर्जन्यछायेतलं गाव आहे हे. समुद्रातल्या ज्वालेची धग इथवर चालत येत नाही. जळलेल्या आणि न जळलेल्या गॅसचा भार मात्र सगळ्या पृथ्वीच्या खात्यावर पडतो, तो जागतिक बँकेच्या २०२४ च्या त्याच मोजणीत वर्षाला ३८.९ कोटी टन कार्बन डायऑक्साइडइतका धरलाय. ऊर्जेपायी जग जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडतं त्याच्या साधारण एक टक्का. आपल्या फताटेवाडीच्या औष्णिक केंद्रात जळणारा कोळसाही त्याच खात्यात जातो, पण त्याचा व्हिडिओ अजून कुणी पाठवलेला नाही.