आयक, कशें उलयता तें

आज शुक्रवार, म्हणून सकाळी म्हापशाच्या बाजारात गेलेलो पुरुमेंताला, म्हणजे पावसाळ्याची बेगमी करायला. सुकी मिरची, सोलं, खारे बांगडे, पाऊस पडायच्या आत घरात पडलेलं बरं. पिशव्या उचलायला पुतण्याला नेलेला. चहा प्यायला टेकलो तर त्याने फोन तोंडासमोर धरला. "काका, बघ, नवीन पोर्शे ९११. फेसलिफ्ट. हायब्रिड आली! ५४१ पीएस! शून्य ते शंभर ३ सेकंद!"

बरं म्हटलं. (पीएस म्हणजे हॉर्सपॉवरसारखंच माप.) मग मी सहज विचारलं, आवाज कसा आहे रे? तर म्हणतो, "आवाजाचं काय एवढं, तो स्पीकरमधून पण देता येतो."

तिथेच डोकं सटकलं. चहा तसाच ठेवला. घरी येऊन मिरच्या अजून उन्हात पण घातल्या नाहीत, आधी हे टाइप करतोय.

माझ्या लिस्टमधल्या अर्ध्या लोकांना माहिती आहे, माझा मामा अस्नोड्याला गॅरेज चालवायचा. खाणीवरचे टिपर. रस्त्यावरून भरलेला टिपर गेला की मामा आत जमिनीवर आडवा पडलेला असायचा तिथूनच सांगायचा, कोणाचा आहे आणि काय बिघडलंय. लांब डिसमिस (स्क्रूड्रायव्हर), टोक इंजिनावर, लाकडी मूठ कानाला. झालं निदान. डॉक्टर पण एवढ्या झटपट सांगत नाहीत हो.

तर १९९४. मी शाळेत होतो, मे महिन्याच्या सुटीत मामाकडे. एक म्हातारा जर्मन हणजूणहून आला, टायर पंक्चर. गाडी जुनी ९११, सत्तरच्या दशकातली, परदेशी नंबरप्लेट, धुळीने लाल झालेली. पोरगा पंक्चर काढायला बसला आणि मामा सवयीने पुढचं बॉनेट उघडायला गेला, तर आत इंजिनच नाही! जर्मन हसायला लागला. इंजिन मागे. मामाने मागचं उघडलं, मग रेडिएटर शोधतोय. तोही नाही. हवेवर थंड होणारं इंजिन, भला मोठा पंखा, तो फिरवणारा पट्टा, आणि पाणी थेंबभर नाही. मामा म्हणाला इंजिन बंद ठेव, तेल बघतो. तर जर्मन म्हणे, नो नो, या गाडीचं तेल इंजिन तापवून चालू ठेवूनच बघायचं. दहा-बारा लिटर तेल, पाण्याचं अर्धं काम तेच करतं.

मामाचा चेहरा मला अजून दिसतो. चाळिशीतला माणूस, हात कोपरापर्यंत काळे, आणि चेहरा चतुर्थीला गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या माटोळीकडे बघणाऱ्या पोराचा.

असो. नवीन गाडीचं सांगतो, म्हणजे मी उगाच ओरडतोय असं वाटायला नको. साध्या कॅरेराला, म्हणजे ९११च्या साध्या मॉडेलला, तेच ३ लिटरचं दोन टर्बोवालं इंजिन ठेवलंय (टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा ढकलणारा पंखा), ३९४ पीएस. खरा बदल जीटीएसमध्ये, म्हणजे पुतण्याच्या त्या ५४१ पीएसवालीत. ३.६ लिटरचं नवं इंजिन, दोनाच्या जागी एकच टर्बो, आणि त्या टर्बोच्या पोटात इलेक्ट्रिक मोटर, म्हणजे पाय दाबल्यावर टर्बो जागा व्हायची वाट बघायला नको. दुसरी मोटर गिअरबॉक्सच्या आत. बॅटरी जेमतेम १.९ किलोवॅट-अवरची. एसीचा कॉम्प्रेसर पण विजेवर, त्यामुळे इंजिनावर पट्टाच नाही, आणि इंजिन ११० मिलिमीटरने बुटकं झालं. त्या वाचलेल्या जागेत इलेक्ट्रॉनिक्सचे डबे बसवलेत. हुशारी आहे, नाही म्हणत नाही. जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंग रेसट्रॅकवर जुन्या जीटीएसपेक्षा ८.७ सेकंद लवकर आली म्हणे. आली असेल बाबा.

पण त्याच गाडीत क्लचचं पेडल नाही, मॅन्युअल मिळणारच नाही. मधला काट्याचा आरपीएम मीटर गेला, सगळा स्क्रीन. चावी फिरवल्यासारखी ती मूठ होती डाव्या हाताला, तिथे आता बटण. मिक्सरला असतं तसं बटण! एवढे पैसे मोजून माणूस मिक्सर चालू करणार.

मला माहितीये आता खाली कोण काय लिहिणार. १९९८ला हवेचं इंजिन कायमचं गेलं आणि सगळं पाण्यावर आलं तेव्हाही लोक रडलेले, २०१५च्या फेसलिफ्टला साध्या कॅरेराला टर्बो लावला तेव्हाही रडलेले, आणि तरी गाडी चांगलीच निघाली. हो, निघाली. प्रदूषणाचे नियम आहेत, तेही मान्य, आमच्या डिचोलीत धूळ खाल्लेल्या माणसाला धुराचं शिकवू नका. आणि हो, मी काही ही गाडी घेणार नाहीये, माझी वॅगन-आर दारात उभी आहे, पुढच्या महिन्यात इन्शुरन्स.

तरी सांगतो. त्या दिवशी पंक्चर निघाल्यावर जर्मनने गाडी चालू केली आणि मामाने डिसमिस लावला. माझ्या कानाला मूठ दिली. म्हणाला, "आयक रे, कशें उलयता तें." मला काय कळणार, मला नुसती खडखड. त्याने डिसमिस थोडा सरकवला. खडखडीत एक टिकटिक वेगळी झाली. टॅपिट (व्हॉल्व्ह हलवणारा भाग) सैल, अ‍ॅडजस्टिंगला आलेलं. आयुष्यात पहिल्यांदा पाहिलेलं इंजिन, आणि दहा मिनिटांत त्याने ते ऐकून ओळखलं. जर्मनने खिशातून डायरी काढून लिहून घेतलं आणि मामाला दोन्ही हातांनी शेकहॅन्ड केला, काळ्या हातांना.

हे स्पीकरमधून देणार तुम्ही?

पुतण्यावर ओरडलो त्याचं आता वाईट वाटतंय जरा. त्याची चूक नाही. २०१२ला खाणी बंद झाल्या तेव्हा तो बालवाडीत होता, अस्नोड्याचा रस्ता एका आठवड्यात गप्प झाला ते त्याला आठवत पण नसेल. मामा तेव्हा गॅरेजच्या दारात खुर्ची टाकून बसायचा. नुसता.

(संध्याकाळी अ‍ॅड करतोय.) राहवलं नाही म्हणून मामाकडे जाऊन आलो, अर्ध्या मिरच्या त्याच्याकडे द्यायच्याच होत्या. आता कानात मशीन आहे त्याच्या, टिपरांनी कान खाल्ले. व्हिडिओ लावला, त्याने मशीन काढून फोन कानाला चिकटवला, मग डोकं हलवलं. फोटो दाखवला इंजिनाचा. बराच वेळ बघून म्हणतो, "पट्टो खंय हाचो?" म्हटलं पट्टा नाही. "तेल खंय पळोवप?" म्हटलं कांडी नाही, स्क्रीनवर दिसतं.

फोन परत दिला आणि विचारलं, मिरची काय भावाने मिळाली.