लिनक्सवर प्रिंटर चालतो. आधी मॉडेल पाहा

यवतमाळ-वाशीमकडच्या सेवा केंद्रवाल्यांमध्ये एक संदेश जोरात फिरतो आहे: "विंडोज १० चे अपडेट बंद झाले म्हणून लिनक्स टाकू नका. ड्रायव्हर मिळत नाही, लाईट गेली की प्रिंटर मरतो, अपडेट केलं की सगळं जातं." लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी संगणकावर टाकता येणारी मोफत प्रणाली. संदेश वाचून लोक चांगले चालणारे संगणक भंगारात काढायला निघालेत, म्हणून हे लिहितो आहे.

ड्रायव्हर मिळत नाही? एचपीच्या बहुतेक प्रिंटरांसाठी 'एचपीलिप' (HPLIP) हे ड्रायव्हरचं सॉफ्टवेअर उबुंटू आणि मिंट या लिनक्सच्या प्रकारांमध्ये सहज मिळतं. नव्या वायफाय प्रिंटरांना तर बहुधा वेगळा ड्रायव्हर लागतच नाही. कॅननचा एलबीपी २९०० मात्र खरोखर छळतो. तो तुमच्या टेबलावर असेल तर लिनक्सची घाई करू नका, हे मीही सांगेन.

लाईटचं म्हणणं नीट समजून घ्या, कारण खरा घोळ इथेच आहे. एचपीचा लेझरजेट १०२० आपल्याकडे गावोगाव दिसतो. वीज गेली की त्याच्या पोटातलं फर्मवेअर, म्हणजे त्याला चालवणारा प्रोग्राम, पुसलं जातं. पुन्हा चालू केल्यावर संगणकानेच ते त्याला पाठवावं लागतं. विंडोजमध्ये हे काम कंपनीचा ड्रायव्हर आपसूक करतो. एचपीलिपला त्यासाठी एचपीचा वेगळा प्लगइन, म्हणजे जोडसॉफ्टवेअर, लागतो. तो मुक्त सॉफ्टवेअर नसल्यामुळे सोबत येत नाही. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, 'एचपी-प्लगइन' (hp-plugin) ही आज्ञा देऊन इंटरनेटवरून उतरवावा लागतो. तो नसला तर प्रिंटर यादीत दिसतो, सातबारा रांगेत जातो, कागद मात्र हलत नाही. मग दोष लिनक्सच्या माथी!

प्लगइन असूनही छपाई अडली तर मधेच वीज गेल्याने रांग थांबलेली असू शकते. ब्राउझरमध्ये पत्त्याच्या जागी localhost:631 लिहून उघडा, प्रिंटर थांबलेला दिसला तर तिथूनच पुन्हा सुरू करा. पीक विम्याची शेवटची तारीख असताना, दारात माणसं उभी असताना, यासाठी संगणक फॉरमॅट करायला कुणी सांगितलं तर ऐकू नका.

अपडेटचं म्हणणं अर्धं खरं आहे. प्लगइनची आवृत्ती एचपीलिपच्या आवृत्तीशी जुळावी लागते. एचपीलिप नवं झालं आणि प्लगइन जुनाच राहिला की छपाई बंद. 'एचपी-प्लगइन' पुन्हा चालवा, झालं. फक्त मोठं अपडेट गर्दीच्या दिवशी करू नका, आणि नेट चांगलं असेल तेव्हाच करा. प्लगइन त्याच बैठकीत उतरवून एक पान छापून पाहा.