परत येताय? मग घरही उचलून आणा

अमेरिकेतलं घर विकून कायमचं पुण्याला यायचं ठरलंय ना? मग तिकडे काही म्हणजे काही ठेवू नका. बाराशे डॉलरचा सोफा गॅरेज सेलमध्ये पन्नास डॉलरला द्यायचा म्हटलं की पोटात कालवतंच. २० फुटी कंटेनरमध्ये साधारण ३३ घनमीटर सामान मावतं. चार बेडरूमच्या घराला एवढ्याने काय होणार? ४० फुटी सांगा. पुण्याचा फ्लॅट दोन बेडरूमचा आहे हे मूव्हर्सना सांगायची गरज नाही.

खोक्यांवर ‘किचन, इतर’, ‘मुलांचं’, ‘नंतर बघू’ असं सुटसुटीत लिहा. कस्टम्सला प्रत्येक खोक्याचा नंबर, आतल्या वस्तू आणि त्यांची किंमत अशी यादी हवी असते, पण ‘इतर’मध्ये सगळंच आलं की! हा शब्द वाचून अधिकाऱ्याची उत्सुकता चाळवते आणि नेमकं तेच खोकं फोडलं जातं. कस्टम्स ड्यूटीतली सवलत वापरलेल्या घरसामानाला असते, म्हणून निघायच्या आदल्या आठवड्यात सेलमधून घेतलेल्या, सील न काढलेल्या वस्तू अगदी वर ठेवा, उघडल्याबरोबर दिसतील अशा. कंटेनर मुंबईजवळच्या न्हावाशेवा बंदराला लागेल त्या आठवड्यात नातेवाइकांकडे कोकणात जा. क्लिअरन्सला मूळ पासपोर्ट लागतो, तोही सोबत न्या. मोफतचे दिवस संपले की बंदराचं डेमरेज (जागा अडवल्याचं भाडं) आणि जहाज कंपनीचं डिटेन्शन (कंटेनर अडवल्याचं भाडं) असे दोन मीटर एकदम पळू लागतात. आंबे मात्र निवांत खा.

पैशांचं फार मनावर घेऊ नका. कायमचं राहायला आलात की फेमाच्या, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याच्या, हिशेबात तुम्ही निवासी होता आणि एनआरई खातं, म्हणजे अनिवासी भारतीयांचं रुपयातलं खातं, बदलून घ्यावं लागतं. डॉलर डॉलरच ठेवायचे तर आरएफसी, म्हणजे निवासींचं परकीय चलनातलं, खातं असतं. पण बँकेने विचारलं नाही तर आपण कशाला बोला? गेल्या सात वर्षांत भारतात एकूण ७२९ दिवस किंवा त्याहून कमी राहिलेल्याला सुरुवातीची दोन-तीन वर्षं परदेशातल्या उत्पन्नावर इथे सहसा कर लागत नाही. त्यासाठी पासपोर्टवरचे शिक्के मोजत बसावं लागतं, म्हणून तो जुना पासपोर्ट पॅकिंगच्या कचऱ्यात टाकून मोकळे व्हा.

आता सोफा. तीन माणसांचा अमेरिकन सोफा सात फूट लांब आणि तीन फूट खोल. सोसायटीच्या आठ माणसांच्या लिफ्टचं दार ८० सेंटिमीटरचं, म्हणजे दोन फूट सात इंच. हे गणित टेप लावून आधी करू नका, हमालांना करू द्या. जिन्याच्या दुसऱ्या वळणावर सोफा अडकेल. तो तिथे असताना वरच्या मजल्यावरचे काका फिरायला निघतील आणि ‘पाय काढून बघितलेत का?’ विचारतील. पाय काढलेले असतील. मग दोर लावून बाल्कनीतून. बाल्कनीला आपणच सेफ्टी ग्रिल बसवून घेतलंय, हे दोर अर्ध्यावर आल्यावर आठवावं.

पलंग तिकडे ठेवून फक्त गादी आणणारे स्वतःला व्यवहारी समजतात. तिकडची किंग गादी ७६ बाय ८० इंच, इथला सर्रास मिळणारा किंग पलंग ७२ बाय ७८. गादी बसत नाही. तिला कडेकडेने दाबून कोंबली की मधोमध टेकाड येतं. नवरा-बायकोने दोन उतारांवर झोपावं.

खरी मजा विजेची. तिकडे १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ, इथे २३० आणि ५०. चार्जर, लॅपटॉपवर ‘१००–२४०’ लिहिलेलं असतं, ते कुठेही चालतात, म्हणून त्यांच्यावर वेळ घालवू नका. राइस कुकर मात्र नुसती पिन बदलणारा ॲडॅप्टर लावून सुरू करा. व्होल्टेज दुपटीला टेकलं की उष्णता दुप्पट होत नाही, साडेतीन पटींच्या वर जाते. भात लवकर होतो. एकदाच होतो.

यावर शहाणे लोक स्टेप-डाउन, म्हणजे व्होल्टेज उतरवणारा, ट्रान्सफॉर्मर घेतात. तुम्हीही घ्या, तीन केव्हीएचा, वीसेक किलोचा, दिवाणखान्यात रात्रंदिवस गुणगुणणारा. १४०० वॉटच्या व्हॅक्युम क्लीनरसाठी तो घरभर ओढत न्यायचा. केर काढायला येणाऱ्या मावशी तोवर झाडूने तिन्ही खोल्या उरकतात. कपड्यांचा ड्रायर २४० वर चालतो म्हणून तुम्ही निर्धास्त असाल. त्याचा हीटर २४० वर चालतो. आतली मोटर १२० वर, तिकडच्या न्यूट्रलच्या, म्हणजे २४० चे दोन भाग करणाऱ्या मधल्या तारेच्या, भरवशावर. तसा न्यूट्रल इथल्या भिंतीत नाही. इलेक्ट्रिशियनला हे समजावताना तो अधूनमधून मान डोलावेल आणि शेवटी ‘साहेब, दोरी बांधून देऊ का?’ म्हणेल.

ट्रान्सफॉर्मर व्होल्ट उतरवतो, हर्ट्झला हात लावत नाही. त्यामुळे मायक्रोवेव्ह चालतो, पण कण्हत. त्याच्या पोटातला ट्रान्सफॉर्मर ६० हर्ट्झसाठी बांधलेला. ५० वर तो तापतो, गुरगुरतो. त्यावरचं घड्याळ जुन्या पद्धतीचं, विजेचे हेलकावे मोजणारं असेल तर आणखी बहार. सेकंदाला ६० ऐवजी ५० हेलकावे मिळतात, म्हणून ते तासाला १० मिनिटं मागे पडतं, दिवसाला ४ तास. सोमवारी सकाळी पुण्याची वेळ लावलीत, तर बुधवारी संध्याकाळपर्यंत ते सुमारे दहा तास मागे जाऊन न्यूयॉर्कच्या आसपास पोचलेलं असतं. ते दुरुस्त करू नका. बाराच तासांचं असेल तर गुरुवारी सकाळी आपोआप पुण्याला परत येतं, आणि त्याच दिवशी दुरुस्तीसाठी वीज गेली की १२:०० वर लुकलुकत बसतं.