थर्टी फर्स्टचा आग्रह

डिसेंबरचा शेवटचा आठवडा आला की आमच्या सगळ्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकच प्रश्न फिरायला लागतो, ‘बसायचं कुठं?’ कासला, बामणोलीला, कुणाच्या मळ्यात की कुणाच्या गच्चीवर. बाटल्या कोण आणणार, चकणा कुणाकडे, सगळं चहा संपायच्या आत ठरतं. परत यायचं कसं, हे मात्र कुणी काढत नाही. आणि साताऱ्याकडचा सीझन काही एका रात्रीत संपत नाही. मार्गशीर्षात पुसेगावची सेवागिरी महाराजांची यात्रा, पौषात पालीचा खंडोबा, मग चैत्रापर्यंत गावोगावच्या जत्रा, मुंबईहून आलेले भाऊबंद, मटणाच्या पंगती. नुकतीच दारू सोडलेल्या माणसाला हे तीन-चार महिने काढणं म्हणजे परीक्षाच असते.

मी दारूविरोधी मोर्चातला माणूस नाही. अधूनमधून मीही घेतो. त्यामुळं ही पोस्ट पिणाऱ्यांना शिव्या घालायला लिहिलेली नाही. मला बोलायचंय ते पाजणाऱ्यांशी, म्हणजे यजमानांशी. पंगतीत जिलबी वाढताना जो आग्रह करतो तोच आपण ग्लास भरताना करतो, आणि त्याला पाहुणचार म्हणतो. जिलबीनं फार तर पोट बिघडतं.

आमच्या थोरल्या चुलतभावानं, दादानं, दारू सोडली त्याला आता काही वर्षं झाली. (त्याला विचारूनच लिहितोय.) सोडल्यानंतरच्या पहिल्याच जत्रेत गोठ्यामागं खुर्च्या टाकून मंडळी बसली होती. दादाच्या हातात स्टीलचा ग्लास, त्यात थम्सअप. आमच्या एका पाहुण्यानं तो ग्लास त्याच्या हातातनं घेतला, नाकाला लावून वास घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “आरं, हे नुसतंच हाय की!” झालं. “देवाची जत्रा हाय, आज चालतंय.” “वैनीनं दम दिलाय व्हय?” “एकानं काय हुतंय?” दादा प्रत्येक वेळी हसला. मग उठून नळावर गेला आणि हात धूत बसला. जेवण अजून व्हायचं होतं.

त्या पाहुण्याच्या मनात वाईट काहीच नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. खरी अडचण तिथंच आहे. आपल्याकडं नुसतं ‘नको’ चालत नाही, कारण लागतं. गोळ्या चालू आहेत, माळ घातलीय, मार्गशीर्ष पाळतोय. ही तीन कारणं लोक निमूट मान्य करतात. ‘मला प्यायची नाही’ हे कारण मात्र कुणाच्याच गळी उतरत नाही. मधुमेही माणसानं पेढा नको म्हटलं तर आपण त्याला ‘बायकोला भितोस का’ म्हणत नाही, आणि हे मी कंदी पेढ्यांच्या गावात बसून लिहितोय!

दादाकडनंच मला एक गोष्ट कळली, ती मला आधी ठाऊक नव्हती. तलफ रात्रभर टिकत नाही. साधारण अर्ध्या तासात ती ओसरते, फक्त तेवढा वेळ निभवायचा असतो. पोटात अन्न असेल, बोलायला कुणी असेल, उठून चार पावलं फिरता आलं, तर तो निभतो. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा या चार वेळांना जपायचं, असं व्यसनमुक्तीचं काम करणारे सांगतात. आता आपल्या जत्रेचं वेळापत्रक बघा. सकाळपासून पळापळ, दुपारी भावकीतलं एखादं भांडण, आणि जेवण रात्री अकराला, कारण ‘आधी बसू, मग जेवू’. चारही गोष्टी एका दिवसात. माझं मत विचाराल तर जेवण आठला वाढलं तरी निम्मं काम होईल. पिणाऱ्यांचाही त्यात फायदाच आहे. भरल्या पोटी दारू रक्तात सावकाश भिनते.

पिणाऱ्यांचा विषय निघालाच आहे तर थोडा हिशोब. ‘मी फक्त बिअर घेतली’ हे वाक्य साताऱ्याच्या बोगद्याजवळ पोलिसांच्या तपासणीला दरवर्षी ऐकू येत असणार. आठ टक्क्यांची ६५० मिलीची स्ट्राँग बिअर म्हणजे ५२ मिली अल्कोहोल. व्हिस्कीच्या ३० मिलीच्या पेगात १३ मिलीच्या आसपास. म्हणजे एक बाटली स्ट्राँग आणि चार पेग सारखेच. क्वार्टर म्हणजे सहा पेग. यकृत तासाला साधारण एका पेगाचा निकाल लावतं. लिंबू, दही, कडक कॉफी, थंड पाण्याची अंघोळ, कशानंही त्याचा वेग वाढत नाही. हाफ, म्हणजे दोन क्वार्टर, संपवून बाराला झोपलेला गडी सकाळी आठला गाडी काढून महाबळेश्वरला निघतो, तेव्हा त्याला वाटतं उतरली. रक्तात ती अजून असते. १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं की पहिल्या गुन्ह्याला १० हजारांपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. आणि कासच्या वाटेवरचा यवतेश्वरचा घाट दंडाची पावती फाडून सोडून देत नाही.

कासच्या थंडीत ‘अंग गरम राहतं’ म्हणून घेणारेही पुष्कळ. कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात म्हणून ऊब वाटते, प्रत्यक्षात अंगातली उष्णता बाहेर जात असते. कुणी आडवा झाला तर ‘झोपू दे त्याला’ म्हणून उताणा टाकून निघून येऊ नका. कुशीवर करा आणि जवळ कुणीतरी बसा. उलटी श्वासनलिकेत गेली तर संपलं. हलवून उठत नसेल, श्वास थांबून थांबून चालला असेल, अंग गार पडलं असेल, तर १०८ ला फोन. घरच्यांना काय सांगायचं हा विचार नंतर.

एक चीड येणारी गोष्ट. पुतण्या-भाच्याला पहिला पेग बहुतेक वेळा घरातलाच काका-मामा पाजतो. “आता मोठा झालास” म्हणत, एकोणीस-वीस वर्षांच्या पोराला! महाराष्ट्रात व्हिस्की-रमसाठी कायद्यानं वय २५ पूर्ण लागतं, बिअर-वाइनसाठी २१. कायदा जाऊ द्या, पण पोरगं पुढं वाया गेलं की ‘संगत वाईट’ म्हणायला हाच मामा पुढं असतो.

आता घरातल्या बायकांसाठी, कारण मेसेंजरवर विचारणाऱ्या बहुतेक त्याच असतात. ‘रुग्णाच्या नकळत दारू सोडवा’ अशा जाहिराती भिंतीभिंतींवर दिसतात. त्यातली पुडी चहात, आमटीत घालू नका. पुडीत काय आहे हे विकणाराही नीट सांगत नाही. डायसल्फिराम नावाचं खरं औषध आहे, पण ते माणसाला सांगून, त्याच्या संमतीनं, डॉक्टरच्या देखरेखीखाली द्यायचं असतं. ते घेतल्यावर दारू प्यायली तर शरीरात अॅसिटाल्डिहाइड नावाचं विषारी द्रव्य साचतं, तोंड लालबुंद होतं, छाती धडधडते, रक्तदाब पडतो. ज्याला माहीतच नाही तो थर्टी फर्स्टला नेहमीसारखा प्यायला बसणार, आणि ते जिवावर बेतू शकतं.

दुसरं, एक जानेवारीचा संकल्प. अधूनमधून घेणाऱ्यानं खुशाल करावा. पण ज्याला वर्षानुवर्षं रोज लागते, सकाळी उठल्यावर ज्याचे हात थरथरतात, त्यानं देवासमोर नारळ ठेवून एका झटक्यात बंद करणं धोक्याचं असतं. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, दोन-चार दिवसांत भास, बडबड, ताप. गावात अशा वेळी ‘बाहेरचं काहीतरी झालंय’ म्हणून देवऋषी गाठतात. तो दवाखान्याचा मामला आहे. आधी डॉक्टर, मग नारळ.

आणि बोलायचं असेल तर सकाळी बोला. रात्री तो प्यायलेला असताना काढलेला विषय शेजाऱ्यांची करमणूक होण्यापलीकडं जात नाही. त्याच्या साहेबाला ‘ताप आलाय’ म्हणून तुम्ही फोन करू नका, उधारी तुम्ही फेडू नका. माणसाला टाकायचं नाही, पण त्याचं निस्तरायचंही नाही. लिहायला सोपं आहे, मला कळतंय. आमची वहिनी हे कसं शिकली ते तिलाच माहीत.

व्यसनमुक्तीसाठी साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी सुरू केलेली ‘परिवर्तन’ संस्था आहे, पुण्यात १९८६ पासून ‘मुक्तांगण’ केंद्र आहे. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, म्हणजे दारू सोडणाऱ्यांनीच एकमेकांसाठी चालवलेला गट, त्याच्या सभांना फी नसते, नाव-गाव कुणी विचारत नाही, आणि तिथं आयुष्यभराची शपथ नसते. फक्त आजचा दिवस प्यायचं नाही, एवढंच. दादा म्हणतो, जन्मभराचं म्हटलं असतं तर मी दारातनंच परतलो असतो. घरच्यांसाठी अल-अॅनॉनच्या वेगळ्या सभा असतात. कुठंच जायचं धाडस होत नसेल तर १४४४६ हा व्यसनमुक्तीचा सरकारी नंबर आहे, आणि मन फारच खचलं असेल तर मानसिक आरोग्यासाठीच्या टेलिमानस हेल्पलाइनचा १४४१६. दोन्हीला पैसे पडत नाहीत.

कमेंटमध्ये ‘मग काय दूध पिऊन नाचायचं का’ असं कुणीतरी लिहिणारच. दुधाचं खुशाल हसा, ‘द दारूचा नव्हे, द दुधाचा’ म्हणत थर्टी फर्स्टला रस्त्यावर दूध वाटणारी माणसं याच महाराष्ट्रात आहेत. पण मी कुणाच्या हातातनं ग्लास काढून घ्या म्हणत नाहीये. समोरच्याच्या ग्लासात काय आहे याचा वास घेऊ नका, एवढंच म्हणतोय.

यंदा बसायचं आमच्या गच्चीवर. चूल सातला पेटेल, जेवण बरोबर आठला. मटण, भाकरी, आणि शाकाहारी मंडळींसाठी अख्खा मसूर. सोलकढी आणि ताक भरपूर असेल. ज्याला घ्यायचीय त्यानं आपली आणावी, गाडी मात्र घरी ठेवून यावं. दादा येणार आहे, त्याला कुणी काही विचारू नये. सकाळपर्यंत कळवा, भाकरी किती टाकायच्या ते ठरवायचंय.