तुमचा पोपट लॅटिन कधी बोलणार?

अभिनंदन! मुलीला 'क्लासिकल ख्रिश्चन एज्युकेशन' द्यायचं तुम्ही ठरवलंत. तेही रात्री साडेअकराला, अंथरुणात पडल्या पडल्या, कुठल्याशा अमेरिकन कुटुंबाचा व्हिडिओ बघून. त्या घरात आठ मुलं होती, भिंतभर पुस्तकं होती, भलंमोठं लाकडी टेबल होतं आणि एकही मूल रडत नव्हतं. तुमच्याकडे एकच मूल आहे आणि टेबलावर इस्त्रीला द्यायचे कपडे. पण विश्वासाने डोंगर हलतात म्हणे, कपड्यांचं काय घेऊन बसलात!

आधी पद्धत समजून घ्या. डोरोथी सेयर्स या गुप्तहेरकथा लिहिणाऱ्या इंग्रज बाईंनी 1947 साली ऑक्सफर्डला एक भाषण केलं. मध्ययुगात आधी व्याकरण, मग तर्क, मग वक्तृत्व असं शिकवत. ते आता पुन्हा सुरू करा, असं त्यांचं म्हणणं. लहान मूल म्हणजे पोपट, त्याच्याकडून भरपूर पाठ करून घ्या. जरा मोठं झालं की ते उलट बोलायला लागतं, तेव्हा नीट वाद घालायला शिकवा. त्यानंतर येतं कवितेचं वय. या भाषणाचा आधार घेऊन पुढे अमेरिकेत शाळा निघाल्या. आयडाहोतल्या मॉस्को नावाच्या गावात 1981 साली निघालेली शाळा त्यातली गाजलेली. शिकवण्याचा आपला अनुभव फारच तोकडा आहे, आणि हे सगळं कुणी अमलात आणेल असं वाटत नाही, हे बाईंनी त्याच भाषणात सांगून टाकलं होतं. तेवढं मात्र घरी बोलू नका. फी भरून झाली आहे.

फी डॉलरमध्ये असेल. ती रुपयात मोजू नये, झोप जाते. सोबत एक टॅबही घ्या. मुलांना स्क्रीनपासून दूर कसं ठेवावं याचा उत्तम अभ्यासक्रम फक्त स्क्रीनवरच मिळतो, त्याला इलाज नाही.

सोमवारपासून 'आमो, आमास, आमात' सुरू होईल. लॅटिनमध्ये 'मी प्रेम करतो, तू प्रेम करतोस' असं ते आहे. मुलगी ते अंघोळीत म्हणेल, रिक्षात म्हणेल, आलेल्या पाहुण्यांसमोर तर म्हणायलाच लावा. मराठीत 'एकोणसाठ' म्हणजे किती, असं कुणी विचारलं तर विषय बदला.

मुंबईत 1813 साली उतरलेले अमेरिकन मिशनरी आधी मराठी शिकायला बसले. मग नगरला आले, शाळा काढल्या, 1842 साली 'ज्ञानोदय' हे नियतकालिक सुरू केलं. एवढ्या लांब जहाजातून येऊन त्यांनी आपली भाषा शिकून घेतली, त्याची परतफेड कुणीतरी करायलाच हवी होती. ती तुम्ही करताय.

फादर स्टीफन्सच्या वाटेला मात्र जाऊ नका. हा इंग्रज जेझुइट, म्हणजे एका कॅथलिक संघाचा धर्मगुरू, 1579 साली गोव्यात आला तो लॅटिन कोळून पिऊनच. आणि केलं काय? अकरा हजारांच्या आसपास मराठी ओव्या लिहिल्या. 1616 साली राशोलला 'क्रिस्तपुराण' छापलं, आणि लोक ते चर्चमध्ये बसून ऐकू लागले. चांगलं लॅटिन येणाऱ्या माणसाचं हे असं होतं. तुमच्या मुलीला फार चांगलं येऊ लागलं, तर वेळीच थांबवा. पुढे 1684 साली पोर्तुगीज व्हाइसरॉयला फतवा काढावा लागला की तीन वर्षांत आपली बोली सोडा आणि पोर्तुगीज बोला. बिचाऱ्याला तीन वर्षांची मुदत द्यावी लागली! तुम्ही तेच काम नर्सरीच्या एका ॲडमिशनमध्ये उरकलंत.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण त्याहून घातक. आईने घरीच संस्कृत शिकवलं. घर तरी कसलं, तीर्थयात्रेची वाट. पोपटाच्या वयात हजारो श्लोक पाठ. मोठेपणी ख्रिस्ती झाल्यावर हिब्रू आणि ग्रीक शिकून बाईंनी अख्खं बायबल मराठीत आणलं, तेही साध्या बायकांना वाचता यावं अशा मराठीत. केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या बायकांनीच ते छापलं. रमाबाई 1922 साली वारल्या, पुस्तक 1924 साली आलं. म्हणजे क्लासिकल झालं, ख्रिस्ती झालं, होमस्कूलिंगही झालं, आणि शेअर करायला एकही व्हिडिओ नाही. केडगावला पुण्याहून दौंडच्या गाडीने जाता येतं. पण शनिवारी मुलीचा ऑनलाइन लॅटिनचा वर्ग असतो, तेव्हा ते राहू द्या.

आता घरातली मोठी अडचण, म्हणजे आजी. त्या नगरहून दोन महिन्यांसाठी आल्या आहेत आणि त्यांना काहीही डाऊनलोड करता येत नाही. बायबलातलं स्तोत्र 23 पाठ, 121 पाठ, करिंथकरांसचा प्रीतीचा अध्याय पाठ, 'उपासना संगीत' हे गीतांचं पुस्तक तर पान न उघडता. चर्चच्या मंडळीच्या सभेत हिशेबावरून उभ्या राहिल्या की समोरचे तिघे खाली बसतात. आणि प्रार्थना! सुरुवात उपकारस्तुतीने, मग मिलिटरीतला भाचा, शेजारणीचा गुडघा, निवडणुकीला उभे राहिलेले सगळे उमेदवार (नावानिशी), आणि शेवटी कुकरची शिट्टी होईपर्यंत आळवणी. व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व कुणाकडे आढळलं तर कळवा, असं त्या अमेरिकन अभ्यासक्रमात लिहिलेलं असतं, तर मी आजींचंच नाव पाठवलं असतं. पण त्यांच्याकडे सर्टिफिकेट नाही. मुलगी त्यांच्या मांडीवर जास्त वेळ बसणार नाही एवढं बघा, उच्चार बिघडतात.

कौटुंबिक प्रार्थना बंद करू नका, फक्त आधुनिक करा. रात्री नऊला सगळ्यांनी आपापला फोन घेऊन बसायचं, कारण पवित्र शास्त्र आता फोनमध्ये असतं. ॲप सांगेल की तुम्ही सलग दोनशे दिवस वाचताय. काय वाचलं ते ॲपही विचारत नाही. 'आमची रोजची भाकर आज आम्हांस दे' इथपर्यंत पोचलात की स्क्रीनवर चिठ्ठी येईल, 'तुमची ऑर्डर दारात पोचली आहे.' हा प्रार्थनेचा जबाब समजून कुणीतरी उठावं, बाकीच्यांनी आमेन म्हणावं. आमच्याकडे एकदा रायडरनेही म्हटलं होतं; बहुधा आपलाच असावा.

आजींचं जाड काळं बायबल तेवढं वरच्या कपाटात ठेवा. पहिल्या कोऱ्या पानावर चार पिढ्यांचे जन्म, बाप्तिस्मे, लग्नं शाईने लिहिलेली आहेत, ती पुसट व्हायला लागलीत. फोटो काढून क्लाऊडवर टाका. मुलीची नोंद अजून झालेली नाही. पेन सापडलं की करू.

महिनाभराने पहिलं फळ दिसेल. संध्याकाळी टॅब बंद करून मुलगी धावत येईल आणि सांगेल की आज नवीन शब्द शिकले, 'पास्टोर'. तुमचा ऊर भरून येईल. अर्थ काय, विचाराल. ती म्हणेल, मेंढपाळ, जो मेंढरं पाळतो तो.

मेथी निवडता निवडता आजी मान वर न करता म्हणतील, "मग आपल्या चर्चमधला पाळकच की गं. आम्ही काय वेगळं म्हणत होतो?"

तेव्हा गप्प बसू नका. प्रेमाने, पण ठामपणे सांगा, "आई, पाळक नाही, पास्टर म्हणा. निदान मुलीसमोर तरी."