शेतात काहीच घडत नाही, असे म्हणणाऱ्यांसाठी

आज दुपारी जेवणानंतर भाचा त्याच्या मित्राशी फोनवर बोलत होता आणि मी शेजारच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत पडलो होतो. ‘विनलँड सागा’ ही जपानी अ‍ॅनिमेशन मालिका बघावी का, असे मित्राने विचारले असावे, कारण भाच्याने त्याला अगदी अधिकारवाणीने सल्ला दिला. पहिला सीझन जबरदस्त आहे, तो पूर्ण बघ. दुसऱ्यात काहीच घडत नाही, नुसती शेती आहे, तो दुप्पट वेगाने पळव आणि शेवटचे तीन-चार भाग तेवढे नीट बघ. ‘काहीच घडत नाही, नुसती शेती आहे’ हे वाक्य माझ्या सख्ख्या भाच्याच्या तोंडून आले, ज्याच्या पणजोबांनी खटाव तालुक्यातला खडकाळ माळ हाताने फोडून त्यावर ज्वारी घेतली. तेव्हापासून मी अस्वस्थ आहे आणि त्यामुळेच हे लिहायला बसलो आहे.

ही मालिका मला दाखवली ती याच भाच्याने. दोन वर्षांपूर्वी मे महिन्याच्या सुट्टीत तो आमच्याकडे राहायला आला होता. जपानी अ‍ॅनिमे म्हणजे मुलांची करमणूक, असा माझा ठाम समज होता आणि त्याने तो पहिल्याच आठवड्यात मोडून काढला. माकोतो युकिमुरा यांनी 2005 साली सुरू केलेल्या चित्रकथेवरची ही मालिका आहे. पहिला सीझन 2019 चा आणि दुसरा 2023 चा, दोन्ही चोवीस-चोवीस भागांचे. अकराव्या शतकातले व्हायकिंग, त्यांची जहाजे, लुटालूट, जळणारी गावे आणि या सगळ्याच्या मधोमध डोळ्यांदेखत वडील मारले गेलेला थॉर्फिन नावाचा मुलगा. ज्या आस्केलाडने वडिलांना मारले त्याच्याच टोळीत तो वाढतो, कारण एक दिवस समोरासमोरच्या द्वंद्वात त्याला ठार करायचे एवढेच त्याचे आयुष्य उरलेले असते. पहिला सीझन थरारक आहे हे मी मान्य करतो. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागून आम्ही तो संपवला. पण त्याच्या चोविसाव्या आणि शेवटच्या भागाला निर्मात्यांनी दिलेले नाव ‘प्रस्तावनेचा शेवट’ असे आहे. ज्यांना तेवढाच सीझन खरा वाटतो, त्यांना स्वतः निर्मात्यांनीच सांगून ठेवले आहे की तुम्ही आतापर्यंत फक्त प्रस्तावना वाचली. प्रस्तावना वाचून पुस्तक मिटवणाऱ्या माणसाने पुस्तकाबद्दल मत देऊ नये, एवढी साधी अपेक्षा आहे.

दुसऱ्या सीझनमध्ये थॉर्फिन गुलाम झालेला आहे. आस्केलाड मेला, पण दुसऱ्याच्या हातून मेला, त्यामुळे सूड उरला नाही आणि सुडाशिवाय या मुलाकडे दुसरे काहीही नव्हते. डेन्मार्कमधल्या केटिल नावाच्या बड्या जमीनदाराने त्याला विकत घेतले आहे. तिथेच एइनार येतो. हा मुळात इंग्लंडमधला शेतकरी, ज्याचे घरदार लुटारूंनी संपवले आणि ज्याला बाजारात उभे करून विकले गेले. दोघांना जंगलाचा एक तुकडा मिळतो. झाडे तोडा, खोडे काढा, गहू पिकवा, तो मला विका आणि त्या पैशातून स्वतःची सुटका करून घ्या, असा केटिलचा करार आहे. मग भागामागून भाग ते दोघे झाडे तोडतात आणि खोडे उपटतात.

‘काहीच घडत नाही’ ते हेच.

1996 च्या उन्हाळ्यात मी एकोणीस वर्षांचा होतो आणि आमच्या माळावर मी बाभळीचे एक खोड काढले. झाड तोडणे सोपे असते, कुऱ्हाड चालवली की दुपारपर्यंत ते आडवे होते. खोड ही वेगळी गोष्ट आहे. आधी सभोवती चर खणावा लागतो, आणि माळाची जमीन अशी की कुदळीचा घाव घातला की मुरमावरून ठिणगी उडते आणि मनगटापासून खांद्यापर्यंत झिणझिण्या येतात. मग आडव्या गेलेल्या मुळ्या एकेक करून तोडायच्या, माती उपसायची, पुन्हा खणायचे, आणि एवढे करून पहार घालून जोर लावला तरी ते जागचे हलत नाही, कारण सोटमूळ खाली किती गेले आहे हे वरून दिसत नाही. नऊ दिवस लागले. थॉर्फिन आणि एइनार पहिल्यांदा खोडाला भिडतात तो प्रसंग मी पाहिला तेव्हा माझ्या तळहातांना त्या फोडांची आठवण झाली. ज्याने तो भाग तयार केला त्याने एकतर स्वतः खोड काढले आहे किंवा काढणाऱ्याच्या शेजारी बसून ते नीट पाहिले आहे, असे मला तेव्हा वाटले आणि आजही वाटते.

लोकांचे आक्षेप मला ठाऊक आहेत, कारण भाच्याने ते सगळे मला ऐकवले आहेत. पहिला सीझन विट स्टुडिओने केला आणि दुसरा ‘मापा’ या स्टुडिओने, म्हणून दर्जा घसरला म्हणे. दिग्दर्शक तोच आहे, शुहेई याबुता. ज्या माणसाला लढाया काढता येतात हे आपण चोवीस भाग पाहिले, त्याने इथे ओंजळीतली माती, गव्हाचे कोवळे कोंब आणि दोन माणसांमधली शांतता काढायचे ठरवले. हा घसरलेला दर्जा आहे असे ज्याला वाटते, त्याच्याशी माझे जमायचे नाही. मधले काही भाग लांबले आहेत, हे कबूल. केटिलच्या धाकट्या मुलाच्या मर्दुमकीच्या हौसेला थोडा कमी वेळ दिला असता तरी चालले असते. दर आठवड्याला एक भाग, असे सहा महिने वाट पाहत ज्यांनी ही मालिका पाहिली त्यांना ती संथ वाटली असेल, हेही समजू शकतो. पण मुळात ‘संथ’ हा दोष कधीपासून झाला? पीक संथच येते.

माझे खरे दुखणे वेगळे आहे आणि ते लिहिताना राग आवरत नाही. आपल्याकडच्या मुलांना गावात येऊन हुरडा खायचा असतो, ऊसतोडीच्या फडात फोटो काढायचे असतात, शेतकऱ्यावर कोणी काही बोलले की तावातावाने भांडायचेही असते. पण पडद्यावर दोन माणसे घाम गाळून जमीन तयार करतात, नांगराला घोडा नाही म्हणून अडतात, जमीनदाराच्या म्हाताऱ्या वडिलांच्या शेतात राबून त्याच्या बदल्यात घोडा मिळवतात, त्या वेळी याच मुलांना ‘काहीच घडत नाही’ असे वाटते. माणूस मेला तर काहीतरी घडले आणि माणूस जगला, पेरले, उगवले, तर काहीच घडले नाही! हा हिशेब आपल्या घरात कोणी शिकवला? मी तर शिकवला नाही, आणि माझ्या ताईनेही शिकवला नसणार.

त्या खोडाबद्दल मी वर अर्धेच सांगितले. आप्पांनी, म्हणजे आमच्या आजोबांनी, ते खोड मला काढायला लावले त्यामागे कारण होते. त्याच्या आदल्याच दिवशी मी चुलतभावाचा हात मोडला होता. बांध कोरल्यावरून वाद झाला, जसा तो गावोगावी होतो. वीतभर जमिनीचा प्रश्न होता, शिवीगाळ झाली आणि माझ्या हातात काठी होती. त्याच्या मनगटाचे हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. खरे सांगायचे तर त्या क्षणी मला बरे वाटले, आणि तेच मला आजवर सलते. आप्पांनी मला मारले नाही, बोललेही नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी मला उठवले, हातात कुदळ दिली आणि माळावर नेले.

म्हणून दुसऱ्या सीझनचा नववा भाग मला खुर्चीत बसून पाहता आला नाही. आधीच्या भागात शेतावरचे काही स्वतंत्र नोकर असूयेपोटी या दोन गुलामांचा उगवलेला गहू उपटून टाकतात. मारामारी होते, थॉर्फिन बेशुद्ध पडतो आणि मग त्याला ते स्वप्न पडते. खोल दरीत मेलेले योद्धे अखंड एकमेकांना मारत आहेत, तिथे त्याला आस्केलाड भेटतो आणि थॉर्फिनने आजवर मारलेली माणसे त्याच्या अंगाला लोंबकळत राहतात. त्या सगळ्यांचे ओझे घेऊन तो कडा चढू लागतो आणि जागा झाल्यावर पुन्हा हिंसा करणार नाही अशी शपथ घेतो. पहिल्या सीझनमध्ये टाळ्या घेऊन गेलेल्या मारामाऱ्यांत पडलेली माणसे होती ती. आपण तेव्हा त्यांचे चेहरेसुद्धा पाहिले नव्हते. मालिकेने ते लक्षात ठेवले आणि वेळ आल्यावर आपल्यासमोर आणून उभे केले. ज्याने दुसरा सीझन पळवला, त्याला पहिल्यातले रक्त फुकटात मिळाले, असे मी म्हणेन.

एक आक्षेप मात्र मी गंभीरपणे घेतो, आणि तो माझ्या बायकोने घेतला. आर्नहाइड ही गुलाम स्त्री इतके सोसते की पाहवत नाही. नवरा हरवलेला, मालकाचे मूल पोटात, नवरा परत येतो तो मरण्यासाठीच आणि शेवटी ज्या केटिलला आपण भला माणूस समजत होतो त्याच्याच मारहाणीतून तिचा जीव जातो. पुरुषाने शहाणे व्हावे म्हणून बाईने मरायचे हे किती दिवस चालणार, असे बायको म्हणाली. माझ्याकडे त्याचे चांगले उत्तर नाही. एवढेच म्हणता येईल की केटिलचा तो भलेपणा कसा फुटतो हे दाखवताना मालिकेने हात राखलेला नाही. चांगला मालक हा शेवटी मालकच असतो, हे मी इतक्या स्पष्टपणे क्वचितच पाहिले आहे.

आता भाच्याने ‘तेवढे नीट बघ’ म्हणून ज्यांची शिफारस केली त्या शेवटच्या भागांविषयी. राजा कनूट सैन्य घेऊन केटिलची जमीन बळकावायला येतो. इंग्लंडमधले सैन्य पोसायला त्याला पैसा हवा आहे आणि संपन्न शेते ताब्यात घेणे हा त्याचा मार्ग आहे. थॉर्फिन त्याला भेटायला समुद्रकिनाऱ्यावर निशस्त्र जातो, रक्षक अडवतात आणि तो सांगतो की शंभर ठोसे मी खातो, उभा राहिलो तर राजाची भेट घालून द्या. तो ते सगळे खातो. समोरचा राक्षसासारखा माणूस मारून थकतो. उलट हात का उचलला नाहीस असे विचारल्यावर थॉर्फिनकडून उत्तर येते की मला कोणी शत्रू नाही. हे त्याच्या वडिलांचे शब्द आहेत, पहिल्या सीझनमधले, जे त्या पोराला तेव्हा मुळीच कळले नव्हते. भाचा म्हणतो, हा प्रसंग भारी आहे. भारी आहेच. पण माझ्या लाडक्या बाळा, तो शंभर ठोसे सोसू शकतो कारण त्याने काही वर्षे खोडे उपटली आहेत! मधले भाग पळवून तू जर थेट समुद्रकिनाऱ्यावर पोहोचलास तर तुला फक्त मार खाणारा एक माणूस दिसेल. तुला वाटेल की हिरोची ताकद वाढली. त्याची ताकद पहिल्या सीझनमध्येही होतीच, ती कुठे लावायची हे त्याला मातीत कळले.

आमच्या माळावर चौथ्या-पाचव्या दिवसापासून चुलतभाऊ येऊन बांधावर बसू लागला. हात प्लॅस्टरमध्ये, गळ्यात झोळी. तो बोलत नव्हता, मीही बोलत नव्हतो. आप्पा आम्हा दोघांकडे बघत नव्हते. शेवटच्या दिवशी सोटमूळ तुटले, खोडाला दोर बांधला, बैल जुंपले, तरी ते अर्धे वर येऊन अडकले. तेव्हा तो उठला आणि चांगल्या असलेल्या एका हाताने माझ्यापुढे दोर धरून ओढू लागला. खोड निघाले. खड्डा एवढा मोठा होता की त्यात वासरू मावले असते. मी त्याची माफी मागितली का, ते मला आठवत नाही, बहुधा नाही. पण आजही त्या वावरात पहिली पेर करायला तो येतो.

एवढे लिहून झाल्यावर राग थोडा उतरला आहे. भाचाही आता एकोणीस वर्षांचा आहे, म्हणजे मी होतो तेवढाच, आणि त्या वयात मला कोणी ही मालिका दाखवली असती तर मीही शेतीचे भाग पळवलेच असते, हे मला नाकारता येत नाही. मघाशी मी त्याला बोलावून हे सगळे सांगितले, बहुधा गरजेपेक्षा मोठ्या आवाजात. त्याने ऐकून घेतले आणि म्हणाला, “मामा, तुम्ही हात मोडलेलं मला कधी सांगितलंच नव्हतं.” आज रात्री जेवणानंतर आम्ही दोघे दुसरा सीझन पहिल्या भागापासून, नेहमीच्या वेगाने, बघायला बसणार आहोत.

ताई स्वयंपाकघरातून सगळे ऐकत होती. तिला थॉर्फिन कोण आणि कनूट कोण ते माहीत नाही. त्या उन्हाळ्यात दुपारची भाकरी घेऊन रोज माळावर यायची ती हीच. हात पुसत ती बाहेर आली आणि म्हणाली, “नऊ नाही रे, अकरा दिवस लागले होते. शेवटचे दोन दिवस मी त्याचीपण भाकरी आणत होते.”