ड्रीमकास्ट पायरसीने बुडाला नाही

सेगा या जपानी कंपनीच्या ड्रीमकास्ट या गेम कन्सोलचा, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायच्या डब्याचा, विषय निघाला की दोन ठरलेली उत्तरं येतात. "सीडी सर्रास कॉपी व्हायच्या, म्हणून बुडाला" आणि "सोनीचा प्लेस्टेशन 2 आला, म्हणून बुडाला." दोन्हींत तथ्य आहे, पण दोन्ही गोष्टी बऱ्याच उशिरा घडल्या. माझं ठाम मत असं की हा कन्सोल दुकानात येण्याआधीच सेगाने दुकानदारांचा आणि गिऱ्हाइकांचा विश्वास घालवला होता, आणि तो परत मिळेपर्यंत तग धरायला लागणारा पैसा तिजोरीत नव्हता.

आधी मशीनबद्दल, कारण मशीनवर अन्याय होता कामा नये. हिताचीचा 200 मेगाहर्ट्झचा एसएच-4 प्रोसेसर, एनईसीने बनवलेली पॉवरव्हीआर 2 ग्राफिक्स चिप, 16 एमबी मुख्य मेमरी, ग्राफिक्ससाठी वेगळी 8 एमबी आणि यामाहाच्या साउंड चिपसाठी 2 एमबी. 1998 साली घरच्या टीव्हीला जोडायच्या डब्यात एवढा ऐवज म्हणजे कमाल होती. पॉवरव्हीआरची पद्धत फार हुशारीची. ती पडद्याचे छोटे छोटे चौकोन पाडते, प्रत्येक चौकोनात कोणती वस्तू पुढे आणि कोणती मागे हे आधी ठरवते, आणि जे दिसणारच नाही ते रंगवत बसत नाही. त्यामुळे 8 एमबीतही चित्र स्वच्छ यायचं. व्हीजीए केबल लावून संगणकाच्या मॉनिटरवर बहुतेक गेम 480पी मध्ये, म्हणजे साध्या टीव्हीपेक्षा स्पष्ट चित्रात, चालायचे. 'सोलकॅलिबर' हा गेम तर मूळ आर्केड मशीनपेक्षा (दुकानात नाणं टाकून खेळायच्या मशीनपेक्षा) ड्रीमकास्टवर जास्त देखणा दिसला, आणि असं तोवर क्वचितच घडलं होतं.

सेगाच्या नाओमी या आर्केड बोर्डातही हाच प्रोसेसर आणि हीच ग्राफिक्स चिप होती, फक्त मेमरी जास्त. म्हणून 'क्रेझी टॅक्सी'सारखे आर्केडचे गेम घरच्या कन्सोलवर आणणं सोपं गेलं. (आपल्याकडे अनेकांची सेगाशी ओळख सायबर कॅफेतल्या 'व्हर्च्युआ कॉप 2'मुळे झाली. त्याचं मूळही आर्केडच.)

आता मागे जाऊ या, कारण खरी गोची तिथे आहे. 1992 मध्ये अमेरिकेत सेगा सीडी आली, 299 डॉलरला; सेगाच्या जेनेसिस या जुन्या कन्सोलला सीडी चालवता यावी म्हणून काढलेलं हे जोडउपकरण. नोव्हेंबर 1994 मध्ये 32एक्स आलं, 159 डॉलरला. हेही जेनेसिसच्या डोक्यावर बसवायचं जोडउपकरण होतं, आणि ते आलं त्याच महिन्यात जपानमध्ये सेगाचा पुढचा कन्सोल, सॅटर्न, विक्रीला लागला. म्हणजे 32एक्स घेणाऱ्याने घरी नेलेली वस्तू पहिल्या दिवसापासूनच कालबाह्य होती. पुढे सेगाने ती वाऱ्यावर सोडली.

त्यानंतर 11 मे 1995. अमेरिकेत सॅटर्न सप्टेंबरमध्ये येणार असं सगळ्यांना सांगितलेलं होतं. ई3 या गेम उद्योगाच्या पहिल्याच प्रदर्शनात सेगाने जाहीर केलं की कन्सोल आजच दुकानात आहे, 399 डॉलरला, पण निवडक चारच दुकानसाखळ्यांमध्ये. बाकीच्या दुकानदारांना पत्ताच नव्हता. केबी टॉईज या खेळण्यांच्या दुकानसाखळीने चिडून सॅटर्न ठेवायलाच नकार दिला. गेम बनवणाऱ्या बाहेरच्या कंपन्यांची कामं सप्टेंबरच्या हिशोबाने चाललेली, त्यामुळे उन्हाळाभर दुकानात गेमच नाहीत. त्याच प्रदर्शनात सोनीचा माणूस मंचावर आला आणि प्लेस्टेशनची किंमत सांगून उतरला: 299.

पुढे 1997 मध्ये सेगा ऑफ अमेरिका या अमेरिकेतल्या शाखेचे वरिष्ठ अधिकारी बर्नी स्टोलर यांनी सॅटर्न हे आपलं भविष्य नाही असं जाहीरच करून टाकलं. बोलले ते खरंच होतं. पण ज्यांनी आधीच पैसे मोजून सॅटर्न घेतला होता त्यांनी यातून काय धडा घ्यावा? सेगाचं मशीन घेतलं की दोन-तीन वर्षांत कंपनी हात वर करते, हाच. 1999 मध्ये ड्रीमकास्टच्या खोक्यासमोर उभा राहिलेला गिऱ्हाईक हे विसरला नव्हता.

ड्रीमकास्ट जपानमध्ये 27 नोव्हेंबर 1998 ला आला आणि तिथेही घोळ झाला. पॉवरव्हीआरच्या चिप कारखान्यातून पुरेशा संख्येने चांगल्या निघत नव्हत्या, त्यामुळे आगाऊ नोंदणी थांबवावी लागली. सुरुवातीला गेम फक्त चार, आणि त्यांतला नाव घेण्यासारखा एकच, 'व्हर्च्युआ फायटर 3टीबी'. ज्याच्यासाठी लोकांनी कन्सोल घेतला असता तो, सेगाची ओळख बनलेल्या सॉनिक या पात्राचा 'सॉनिक ॲडव्हेंचर', पहिल्या दिवशी नव्हताच, तो डिसेंबरच्या शेवटी आला. फेब्रुवारी 1999 पर्यंत 10 लाखांचं लक्ष्य होतं, तेही हुकलं. मग जून 1999 मध्ये किंमत 29,800 येनवरून 19,900 वर आणली. विक्री हलली खरी, पण प्रत्येक डब्यामागे पदरचे पैसे जायला लागले.

कन्सोलच्या धंद्यात डबा तोट्यात विकणं नवं नाही. वसुली गेममधून होते: बाहेरच्या कंपन्यांच्या प्रत्येक डिस्कमागे ठरावीक रक्कम आणि स्वतःच्या गेमची पूर्ण कमाई. मात्र त्यासाठी लाखो घरांत डबे पोचून तिथे दोन-तीन वर्षं गेम विकत राहावं लागतं. तोवरचा खर्च सोसायला खिसा खोल हवा. सोनीकडे टीव्हीपासून संगीतापर्यंत दुसरे धंदे होते. सेगाकडे होते आर्केड आणि सेगाची मालक कंपनी सीएसकेचे अध्यक्ष इसाओ ओकावा, ज्यांनी स्वतःच्या खिशातून सेगाला 50 कोटी डॉलर कर्जाऊ दिले होते.

अमेरिकेतली सुरुवात मात्र झक्कास होती. 9-9-99, किंमत 199 डॉलर, पहिल्याच दिवशी दीड डझनाच्या आसपास गेम, आणि 24 तासांत 2 लाख 25 हजारांवर कन्सोल विकले गेले. काही गेमच्या डिस्क सदोष निघाल्या, त्या बदलून दिल्या गेल्या. ही सगळी तयारी करणाऱ्या स्टोलरना कन्सोल बाजारात येण्याच्या महिनाभर आधी काढून टाकण्यात आलं, आणि पीटर मूर यांच्याकडे सूत्रं आली.

ईए, म्हणजे खेळांवरचे गेम बनवणारी इलेक्ट्रॉनिक आर्ट्स ही कंपनी, नव्हती, हा मोठा खड्डा. ईएला ड्रीमकास्टवर खेळांच्या गेमचा एकट्याचा हक्क हवा होता. सेगाने नुकताच व्हिज्युअल कन्सेप्ट्स हा स्टुडिओ विकत घेतलेला, म्हणून नकार दिला. नकाराचं फळ म्हणून त्या स्टुडिओचा अमेरिकन फुटबॉलचा 'एनएफएल 2के' मिळाला, आणि तो उत्तम होता. पण अमेरिकेत ईएचा 'मॅडन' (अमेरिकन फुटबॉलचा गेम) आणि युरोपात ईएचाच 'फिफा' नसलेला डबा दुकानदाराला विकायला जड जातो. युरोपात सेगाने आर्सेनल या इंग्लिश फुटबॉल क्लबच्या शर्टावर ड्रीमकास्टचं नाव छापलं आणि कन्सोलवर फिफा नव्हता, यातच सगळं आलं.

आता पायरसी. ड्रीमकास्टची डिस्क साधी सीडी नव्हती. तिचं नाव जीडी-रॉम, क्षमता सुमारे 1 जीबी. तिच्यावर दोन पट्टे असतात. आतला साध्या सीडीच्या घनतेचा, सुमारे 35 एमबीचा, जो संगणकावर वाचता येतो. ही डिस्क ऑडिओ सीडी प्लेअरमध्ये घातली तर ती वाजवू नका असा इशारा ऐकू येतो, तो याच पट्ट्यातला. बाहेरचा पट्टा दाट, गेम तिथे, आणि साधा सीडी ड्राइव्ह तो वाचूच शकत नाही. संरक्षण चांगलं होतं.

भगदाड दुसरीकडे होतं. सेगाने मिल-सीडी नावाचा प्रकार काढला होता: गाण्यांच्या सीडीवर थोडा मल्टिमीडिया ऐवज, जो ड्रीमकास्टवर उघडेल. त्यासाठी कन्सोलला साध्या सीडीवरून सुरू होण्याची मुभा द्यावी लागली. अशा सीडीवरचा पहिला प्रोग्राम कन्सोल मुद्दाम विस्कटून मेमरीत घेतो, म्हणजे चोरलेली फाइल चालणार नाही. पण विस्कटण्याचा क्रम कळला की फाइल आधीच उलट विस्कटून सीडीवर टाकता येते, आणि कन्सोल ती आपल्या हाताने सरळ करून देतो. जून 2000 मध्ये युटोपिया नावाची बूट डिस्क, म्हणजे कॉपी चालवण्यासाठी कन्सोल तयार करून देणारी डिस्क, आली. आधी ती घालायची, मग कॉपी केलेली सीडी. लवकरच बूट डिस्कचीही गरज उरली नाही. 1 जीबीचा गेम 700 एमबीत बसवायला संगीत आणि व्हिडिओ दाबायचे किंवा कापायचे. कन्सोलमध्ये काहीच बदल करावा लागत नसे, हे विशेष वाईट. 2000 च्या अखेरीस नव्या कन्सोलमधून मिल-सीडीची सोय काढली, तोवर लाखो जुने डबे घरोघरी पोचले होते.

पण तारखा बघा. मार्च 2000 अखेरच्या वर्षात सेगाला सुमारे 4,288 कोटी येनचा निव्वळ तोटा झाला, आणि आधीची दोन वर्षंही तोट्याचीच होती. बूट डिस्क त्यानंतर आली. शिवाय पहिल्या प्लेस्टेशनच्या कॉपी केलेल्या सीडी जगभर रस्त्यावर विकल्या जात होत्या, तरी तो 10 कोटींहून जास्त विकला गेला. पायरसीने घाव घातला, पण रोगी आधीच खाटेवर होता.

प्लेस्टेशन 2 चं म्हणाल तर सोनीने तो मार्च 1999 मध्येच जाहीर केला, म्हणजे अमेरिकेत ड्रीमकास्ट यायच्या सहा महिने आधी. डीव्हीडी सिनेमे चालतील, जुने प्लेस्टेशनचे गेमही चालतील. ड्रीमकास्टमध्ये डीव्हीडी नाही आणि सॅटर्नचे गेमही चालत नाहीत. दोनदा हात पोळलेला गिऱ्हाईक थांबला, आणि त्याने थांबणं अगदी रास्त होतं. ऑक्टोबर 2000 मध्ये अमेरिकेत प्लेस्टेशन 2 चा प्रचंड तुटवडा होता, ड्रीमकास्ट 149 डॉलरला समोर पडून होता, तरी लोक सोनीच्याच रांगेत. ही रांग हार्डवेअरच्या तुलनेतून लागलेली नव्हती. अमेरिकेत वर्षअखेरपर्यंत 50 लाखांचं लक्ष्य होतं, आकडा 30 लाखांच्या आसपास अडकला.

काही जण म्हणतात, सेगाने अजून एक वर्ष कळ काढायला हवी होती. मला ते पटत नाही. 31 जानेवारी 2001 ला उत्पादन मार्चअखेर बंद करण्याची घोषणा झाली तेव्हा न खपलेल्या डब्यांचा मोठा साठा पडून होता आणि तो संपवायला किंमत 99 डॉलरवर आणावी लागली. जगभरात एकूण विक्री 91 लाखांच्या आसपास थांबली. ओकावांनी दिलेलं कर्ज माफ केलं, आपल्याकडचे सुमारे 69.5 कोटी डॉलरचे शेअर कंपनीला दिले, आणि 16 मार्च 2001 ला ते वारले. हे पैसे आले नसते तर सेगा नावच उरलं नसतं. आणखी एक वर्ष डबे बनवले असते तर तेही त्यातच जिरले असते. त्याऐवजी सेगाने इतरांच्या मशीनसाठी गेम बनवायला घेतले, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये सॉनिक निन्टेन्डो या प्रतिस्पर्धी कंपनीच्या गेमक्यूब कन्सोलवर दिसला. चाहत्यांना ते फार लागलं. तरी त्या घडीला कंपनीपुढचा दुसरा प्रत्येक रस्ता याहून वाईट होता.